लांबच्या सहलीसाठी चालकासह गाडी ठरवताना : राजस्थान दौऱ्याच्या उदाहरणासह सविस्तर मार्गदर्शन

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत गाडी करून राजस्थानला जायचे ठरले, की घरातल्या बहुतेक चर्चा किलोमीटरमागे एकदोन रुपये कमी कसे होतील याभोवतीच फिरतात. गाडी प्रत्यक्षात कोण चालवणार, तो आदल्या दिवशी कुठल्या ड्युटीवर होता, रात्री तो कुठे झोपणार आणि दिवसाचे किलोमीटर कसे मोजले जाणार, हे प्रश्न निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कोणी विचारत नाही. प्रवासात होणारे बहुतेक वाद आणि बहुतेक धोकेही याच न विचारलेल्या प्रश्नांतून निर्माण होतात. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. दर ठरवण्याचा टप्पा त्यात पाचवा आहे आणि तो मुद्दामच इतक्या उशिरा ठेवला आहे.

टप्पा १ : आधी दिवसवार कार्यक्रम, मग गाडीची चौकशी

"आठ दिवसांचे राजस्थान, किती होतील?" असे विचारले तर समोरून येणारा आकडा अंदाजाचाच असतो. चौकशीचा पहिला फोन करण्यापूर्वी कागदावर प्रत्येक दिवसाची एक ओळ लिहावी : कुठून निघणार, कुठे मुक्काम, मधले अंतर किती, आणि मुक्कामाच्या गावात गाडी लागणार आहे की नाही.

नमुन्यादाखल नेहमीचा मार्ग घेऊ. उदयपूर ते जोधपूर सुमारे २५० किलोमीटर, जोधपूर ते जैसलमेर सुमारे २८०, जैसलमेर ते बिकानेर सुमारे ३३० आणि बिकानेर ते जयपूर पुन्हा सुमारे ३३५ किलोमीटर. नकाशावर हे चारही टप्पे सारखेच सोपे दिसतात. मात्र उदयपूरहून जोधपूरला जाताना बहुतेक जण रणकपूरचे जैन मंदिर पाहतात, त्यासाठी अरवलीतला घाट उतरावा लागतो आणि मंदिरात दीडदोन तास सहज जातात. साडेपाच तासांचा वाटणारा तो दिवस मग नऊ तासांचा होतो. शेवटचे दोन टप्पे लागोपाठच्या दिवशी घेतले तर चालक आणि प्रवासी दोघेही जयपूरला थकून पोहोचतात. बिकानेरला एक दिवस थांबणे शक्य असेल तर अवश्य थांबावे.

कार्यक्रम आखताना शक्यतो सपाटीवर दिवसाला साधारण ३०० आणि घाटात २०० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झालेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये चालकासाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती, आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांतीही सांगितली होती. लांब पल्ल्याच्या प्रवासात त्यात थोडी सवलत होती, परंतु सहलीचा कार्यक्रम आखताना अशी सवलत आपल्यासाठीच आहे असे समजू नये.

तपासणी : कोणत्याही दिवशी अंधार पडल्यावर दोन तासांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागत असेल तर तो दिवस नव्याने आखावा. राजस्थानच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर गाई, नीलगायी आणि पश्चिमेकडे उंटही आडवे येतात, आणि जानेवारीत बिकानेर-जयपूरकडे सकाळी धुके असते.

टप्पा २ : गाडी घरापासून न्यायची की तिथे जाऊन घ्यायची

हा निर्णय सवयीने घेतला जातो, हिशेबाने नाही. पुण्याहून उदयपूर सुमारे ९०० किलोमीटर आहे आणि जयपूरहून पुणे त्याहूनही लांब. म्हणजे दहा दिवसांच्या सुट्टीतले जाण्यायेण्याचे चार दिवस महामार्गावर जातात, आणि खऱ्या सहलीच्या पहिल्या दिवशी चालक आधीच थकलेला असतो. मुंबईहून उदयपूर, जोधपूर आणि जयपूर या तिन्ही ठिकाणी रेल्वे आणि विमान दोन्ही जाते. तिथे पोहोचून स्थानिक गाडी घेतली तर चालकाला रस्ते, पार्किंग, हॉटेलांच्या गल्ल्या आणि जेवणाच्या जागा माहीत असतात.

घरापासून गाडी नेण्याला सबळ कारणे आहेतच. वृद्ध आईवडिलांना स्टेशनवर चढउतार झेपत नसेल, सामान किंवा औषधोपचाराची साधने बरोबर असतील, किंवा चालक अनेक वर्षांच्या ओळखीचा असेल, तर घरची गाडीच बरी. तसे असेल तर जाताना आणि येताना सुरत, वडोदरा किंवा अहमदाबादजवळ मुक्काम धरलाच पाहिजे. "रात्री दहाला निघू, दुपारपर्यंत उदयपूर" हा आपल्याकडचा आवडता बेत या लेखातला सर्वात धोकादायक बेत आहे, कारण दिवसभर काम केलेला चालक रात्री दोन ते पहाटे सहाच्या दरम्यान स्टिअरिंगवर असतो आणि गाडीतले बाकीचे सगळे झोपलेले असतात.

सूचना : गुजरातमध्ये दारूबंदी आहे. त्या राज्यातून जाताना सामानात दारूची बाटली ठेवू नये. पकडली गेल्यास गाडी आणि चालक दोघेही अडकतात.

राजस्थानाऐवजी दुसरीकडे जाणार असाल तर त्या ठिकाणचे निर्बंध याच टप्प्यात पाहावेत. लडाखमध्ये बाहेरच्या टॅक्सीला पँगाँग, नुब्रासारख्या ठिकाणी पर्यटक फिरवता येत नाहीत, तिथे स्थानिक गाडी घ्यावी लागते. उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना मे २०२४ पासून ई-पास लागतो.

टप्पा ३ : माणसे मोजून नव्हे, सामान मोजून गाडी

सात आसनी गाडी म्हणजे चालक सोडून सहा प्रवासी, आणि तिसरी रांग उघडल्यावर डिकीत एकदोन लहान बॅगांपुरतीच जागा उरते. एर्टिगासारख्या गाडीत सहा माणसे आणि सहा मोठ्या बॅगा बसत नाहीत, मग छतावर कॅरिअर लागतो. कॅरिअर आहे का, वर ताडपत्री आणि दोर आहे का, हे आधी विचारावे. चार मोठ्या माणसांसाठी एर्टिगा आणि सहांसाठी इनोव्हा हे प्रमाण लांबच्या प्रवासात सोयीचे पडते.

गाडी सीएनजीवर असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बऱ्याच गाड्यांत टाकी डिकीतली जागा खाते, आणि पंपावर रांगेत वेळ जातो. जैसलमेरकडच्या लांब टप्प्यांवर सीएनजी मिळेल असे गृहीत धरू नये, अशा वेळी गाडी पेट्रोलवर चालवण्याचा खर्च कोणाकडे, हे आधीच ठरवावे.

टप्पा ४ : परवाना आणि कागदपत्रे

भाड्याच्या गाडीची नंबरपाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ओळखीच्या कोणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून अनेक जण घेतात, आणि पोलिसांनी विचारले तर "नातेवाईक आहोत" असे सांगायचे ठरवतात. परवान्याशिवाय भाडे घेऊन प्रवासी नेणे मोटार वाहन कायद्याच्या विरुद्ध आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे अपघात झाल्यास खासगी वापराचा विमा असलेली गाडी भाड्याने चालवली होती या कारणाने विमा कंपनी दावा नाकारू शकते. चारशे किलोमीटर लांबच्या गावात हा प्रश्न उभा राहिला तर वाचवलेल्या पैशांचा काहीच उपयोग होत नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी ही स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिली जाणारी असते, तीही चालकासह घेण्यासाठी नाही.

गाडी नक्की करण्यापूर्वी नंबर मागून घ्यावा आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर पाहावा. नोंदणी, विमा, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) या चारही गोष्टींची मुदत तुम्ही परत येण्याच्या तारखेनंतरची असली पाहिजे. निघण्याच्या तारखेला विमा चालू आहे एवढे पुरेसे नाही, कारण सहलीच्या मधल्याच दिवशी तो संपत असेल तर ते कोणाच्याच ध्यानात येत नाही. राज्याबाहेर जाण्यासाठी ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, ते वेगळे विचारावे. या परमिटमध्ये राज्याराज्यांचे शुल्क एकत्र भरण्याची सोय केलेली असली तरी काही राज्यांनी वेगळा कर मागितल्याचे अनुभव आहेत, म्हणून असा कर द्यावा लागल्यास तो कोण देणार हे लिहून घ्यावे. प्रवाशांच्या नावांची यादी चालकाजवळ द्यावी, आणि आपल्या मोबाइलमध्येही ठेवावी.

टप्पा ५ : दराची तुलना

आता दर. किमान तीन ठिकाणांहून भाव घ्यावेत आणि प्रत्येकाला टप्पा १ मधला तोच कागद पाठवावा. दर सांगताना गाडीवाले जे गृहीत धरतात ते बोलून दाखवत नाहीत, कारण त्यांच्या धंद्यात ते सर्वांना माहीतच असते. ग्राहकाला मात्र ते हिशेबाच्या वेळी कळते.

सगळ्यात महत्त्वाची अट दिवसाच्या किमान किलोमीटरची असते. गाडी दिवसभर हॉटेलखाली उभी राहिली तरी २५० किंवा ३०० किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात. समजा, उदयपूरला गाडीत बसून आठव्या दिवशी जयपूरला सोडायचे आहे. गावागावांतले अंतर सुमारे १,२००, स्थानिक फिरणे ३०० आणि चालकाचे जयपूरहून उदयपूरला परतणे सुमारे ४००, असे एकूण १,९०० किलोमीटर होतात. एक गाडीवाला १५ रुपये दर आणि रोज किमान ३०० किलोमीटर सांगतो, दुसरा १७ रुपये दर आणि किमान २५०. पहिल्याचे आठ दिवसांचे २,४०० किलोमीटर लागतात आणि ३६,००० रुपये होतात. दुसऱ्याचे २,००० किलोमीटर लागतात आणि ३४,००० रुपये होतात. कमी दर सांगणारा दोन हजारांनी महाग पडला. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, पण गणित प्रत्येक वेळी असेच करावे.

याच उदाहरणात दुसरी अट दडलेली आहे. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजले जातात, तुमच्या दारापासून नाही. चालक जयपूरहून रिकामा परतणार त्या अंतराचे पैसे लागतात, आणि ते परतणे दुसऱ्या दिवसावर गेले तर नववा दिवसही धरला जाऊ शकतो. तसेच दिवस म्हणजे चोवीस तास की तारीख, हे विचारावे. तारखेने मोजणाऱ्याकडे रात्री अकराला निघालात तर मध्यरात्री दुसरा दिवस सुरू होतो.

यानंतर पुढील बाबी प्रत्येकाकडून एकेक करून विचाराव्यात : चालकाचा रोजचा भत्ता, रात्रीचा भत्ता आणि तो किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत लागू होतो, टोल, पार्किंग, राज्याचा कर, आणि जीएसटी धरून की वगळून. एसी पूर्ण वेळ चालू राहील का, घाटातही, हे विचारायला संकोच करू नये. रणकपूरच्या घाटात एसी बंद केला म्हणून दिवसभर अबोला धरण्यापेक्षा एक प्रश्न विचारणे सोपे आहे.

"सगळे धरून" असे पॅकेज मिळत असेल तर त्यात किती किलोमीटर आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती, हे दोन आकडे मागावेत. ते मिळाले नाहीत तर ते पॅकेज घेऊ नये.

टप्पा ६ : चालकाशी प्रत्यक्ष बोलणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. बुकिंग घेणारा, गाडीचा मालक आणि गाडी चालवणारा ही अनेकदा तीन वेगळी माणसे असतात. तुमच्याशी ठरलेले बोलणे तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचतेच असे नाही. हंगामात एजंट आपल्याकडची बुकिंग दुसऱ्याला देतो आणि चालकाला फक्त पत्ता आणि वेळ कळते. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी चालकाचे नाव आणि नंबर मागावा आणि दहा मिनिटे बोलावे.

बोलताना परीक्षा घेतल्यासारखे विचारू नये. महाराष्ट्रातला चालक असेल तर "दादा, या बाजूला याआधी गेला होतात का? जैसलमेरला गाडी कुठे लावता?" अशी सुरुवात करावी. खरोखर गेलेला माणूस लगेच सांगतो की किल्ल्यात गाडी जात नाही, खाली लावून रिक्षाने किंवा चालत जावे लागते, आणि उदयपूरच्या जुन्या भागात लाल घाटाकडच्या गल्ल्यांत मोठी गाडी नेणे अवघड आहे. वयाने मोठ्या चालकाला "काका" किंवा "मामा" म्हणावे, राजस्थानात नावापुढे "जी" लावावे. पुढचे आठ दिवस ज्याच्या हाती घरच्यांचे जीव द्यायचे त्याच्याशी पहिल्या फोनपासून आदराने बोलावे.

त्यानंतरचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे : "आम्ही निघणार त्याच्या आदल्या दिवशी तुमची कुठली ड्युटी आहे?" उत्तर "रात्री दुसरी पार्टी सोडून पहाटे तुमच्याकडे येतो" असे असेल तर मालकाला सांगून निघण्याची वेळ पुढे ढकलावी किंवा चालक बदलून घ्यावा. इथे भीड बाळगू नये. दिवाळीच्या आठवड्यात चालक लागोपाठच्या ड्युट्या करतात, कारण तीच त्यांची कमाई असते, आणि मालकाला ते "नाही" म्हणू शकत नाहीत. तुम्ही मागणी केलीत तर त्यालाही झोप मिळते.

लायसन्सचा फोटो मागावा, त्यावरचे नाव आणि मुदत पाहावी. लायसन्सवर वाहतूक वाहनाचा वेगळा शेरा नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचे भाड्याचे वाहन चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

टप्पा ७ : चालकाच्या झोपेची आणि जेवणाची सोय

हॉटेल बुक करतानाच विचारावे : "ड्रायव्हरच्या राहण्याची सोय आहे का?" राजस्थानातल्या बऱ्याच हॉटेलांत चालकांसाठी खोली असते, पण ती कशी आहे हे कोणी पाहत नाही. कधी एका खोलीत आठ जण असतात, कधी ती भरलेली असते आणि चालक गाडीतच झोपतो. डिसेंबरच्या रात्री जैसलमेरला पारा दहा अंशांच्या खाली जातो. अशा थंडीत सीट मागे करून काढलेली रात्र ही झोप नसते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला बिकानेरपर्यंत ३३० किलोमीटर त्याच माणसाच्या भरवशावर जायचे असते.

भत्ता दिला म्हणजे त्याने खोली घ्यावी, हा युक्तिवाद बरोबर वाटतो, पण पर्यटनाच्या गावात हंगामातली खोली भत्त्यात मिळत नाही आणि चालक ते पैसे घरी नेण्यासाठी वाचवतो. हॉटेलात सोय नसेल तर जवळच्या साध्या लॉजमध्ये त्याची खोली आपणच घ्यावी. आठ दिवसांच्या एकूण खर्चात ही रक्कम लहान असते आणि सुरक्षिततेसाठी केलेला याहून उपयुक्त खर्च मला तरी माहीत नाही.

टप्पा ८ : लेखी ठरवणे आणि आगाऊ रक्कम

करारपत्राची गरज नाही, व्हॉट्सॲपवरचा एक सविस्तर संदेश पुरतो. त्यात तारखा, दिवसवार मार्ग, गाडीचे मॉडेल आणि नंबर, चालकाचे नाव, दर, किमान किलोमीटर, भत्ते, टोल-पार्किंग कोणाकडे, आणि दोन अटी लिहाव्यात : गाडी बिघडल्यास त्याच वर्गाची दुसरी गाडी मालक देईल, आणि सहल रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल. मालकाने त्यावर "मान्य" असे उत्तर द्यावे, आणि तोच संदेश चालकालाही पाठवावा.

आगाऊ रक्कम १० ते २० टक्क्यांच्या पुढे देऊ नये. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर येणारे नाव मालकाचे किंवा त्याच्या व्यवसायाचे आहे का, ते पाहूनच पुढे जावे. वाटेत इंधनासाठी पैसे मागितले जातात, त्यात गैर काही नाही, मात्र प्रत्येक रक्कम मालकाला कळवून द्यावी.

टप्पा ९ : गाडी दारात आल्यावरची पंधरा मिनिटे

सामान चढवण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. नंबर ठरलेलाच आहे का, ते पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला टेकले असतील तर तो टायर संपला आहे, त्यावर नऊशे किलोमीटर जाऊ नये. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हेही पाहावे.

मग मागच्या सीटवर बसून प्रत्येक बेल्ट लावून पाहावा. भाड्याच्या अनेक गाड्यांत मागच्या बेल्टची खोबण सीटकव्हरखाली दडपलेली असते, हात घालून ती वर काढावी लागते. बेल्ट लागतच नसेल तर कव्हर काढायला सांगावे आणि त्यानंतरच निघावे.

शेवटी किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. चालकासमोरच काढावा म्हणजे त्यालाही नोंद राहते आणि संशय घेतल्यासारखे वाटत नाही.

टप्पा १० : वाटेत

रोज सकाळी निघताना आणि रात्री थांबताना किलोमीटरची नोंद करावी. दर दोन तासांनी थांबावे, आणि चालकाला चहा लागो वा न लागो, गाडीतून उतरून पाय मोकळे करायला सांगावे. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपू नये. चालक वारंवार डोळे चोळत असेल, खिडकी उघडून वारा घेत असेल किंवा गाडी पट्ट्यावरून सरकत असेल तर "थोडंच राहिलंय" हे वाक्य ऐकू नये. पहिल्या ढाब्यावर थांबून त्याला वीस मिनिटे झोपू द्यावे.

ठरलेल्या मार्गात बदल करायचा असेल तर तो आदल्या रात्री सांगावा. "जाता जाता हेही पाहू" असे करत वाढवलेले शंभर किलोमीटर चालकाच्या विश्रांतीतून जातात.

दुकानांचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा. पर्यटकांना नेल्याबद्दल चालकाला काही दुकाने आणि हॉटेले दलाली देतात, हे सर्वत्र चालते. "आम्हाला खरेदी फक्त जोधपूर आणि जयपूरला करायची आहे, बाकी कुठे थांबवू नका" असे शांतपणे सांगितले की बहुतेक चालक ते पाळतात.

सूचना : महामार्गावर अडचण आली तर १०३३ आणि आणीबाणीत ११२ हे क्रमांक वापरावेत. घरी कोणाकडे तरी रोज लाइव्ह लोकेशन सुरू ठेवावे.

टप्पा ११ : हिशेब

हिशेब शेवटच्या दिवशी स्टेशनवर घाईत करू नये. आदल्या रात्री हॉटेलात बसून तुमच्या नोंदी आणि चालकाची ड्युटी स्लिप (वेळ आणि किलोमीटर लिहिलेली त्याची चिठ्ठी) समोरासमोर ठेवाव्यात. टोल फास्टॅगमधून कापला जातो आणि त्याचा संदेश मालकाला जातो, म्हणून मालकाकडून टोलची यादी मागून घ्यावी. पार्किंगच्या चिठ्ठ्या रोजच्या रोज एका पाकिटात ठेवल्या असतील तर हे काम अर्ध्या तासात होते. फरक आढळल्यास चालकाशी वाद घालू नये, मालकाला फोन करावा, कारण दर त्याने ठरवला आहे.

बक्षिसी द्यायची असेल तर ती बिलात न मिसळता थेट चालकाच्या हातात द्यावी. गाडी सोडण्यापूर्वी सीटखाली, दरवाज्यांच्या कप्प्यांत आणि कॅरिअरवर एकदा पाहून घ्यावे. चार्जर आणि चष्मे तिथेच राहतात. उरलेली रक्कम दिल्यावर "हिशेब पूर्ण, बाकी काही नाही" असे मालकाकडून लिहून घ्यावे.